तिकीटखिडकीच्या अलीकडे

अजिंठ्याला मी एकसष्ट वेळा गेलो आहे. डायरीत तशी नोंद आहे. लेणी मात्र एकदाही पाहिलेली नाहीत.

यात कोडं काही नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला खासगी गाड्या अडवतात. पुढचे चार किलोमीटर पार्टी बसने जाते आणि ड्रायव्हर गाडीपाशी राहतो. सकाळी नऊला पार्टी सोडली की दुपारी दोनपर्यंत निवांत. काचा पुसायच्या, मॅट झटकायच्या, स्टेपनीत हवा आहे का बघायचं, मग डबा. कुठल्या झाडाची सावली अकरा वाजता सरकते आणि कुठल्या टपरीवर ड्रायव्हरकडून चहाचे पैसे घेत नाहीत, हे मला पाठ आहे. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कारण त्यात चूक झाली की पार्टी शिव्या कॅलेंडरला देत नाही, मला देते.

बावीस वर्षं मी टुरिस्ट गाडी चालवतोय. आधी दुसऱ्याची इंडिका, मग दुसऱ्याचीच तवेरा, आता स्वतःची अर्टिगा, हप्त्यावरची. दिवसाला तीनशे किलोमीटरचं मिनिमम, टोल-पार्किंग पार्टीचं, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता वेगळा. भत्ता वेगळा असतो, खोली नसते. काही हॉटेलांत ड्रायव्हर लोकांसाठी म्हणून एक खोली असते. आठ-दहा जण आणि एक पंखा. मी सीट मागे पाडून गाडीतच झोपतो. तिथे डास असतात, पण घोरणारे नसतात.

पार्टीबरोबर आत जायचं नाही, हा नियम मला कुणी शिकवला नाही. तो आपोआप येतो. गाडीत सामान असतं, त्याची जबाबदारी असते. शिवाय एखादं भलं कुटुंब ‘चला की दादा’ म्हणतंही, पण मग तिकीट कुणी काढायचं हा प्रश्न मध्ये उभा राहतो. चाळीस रुपयांपायी दोन्हीकडचे ओशाळतात. त्यापेक्षा ‘तुम्ही जाऊन या, मी बघितलंय’ असं म्हणून मोकळं व्हावं. हे खोटं मी इतक्या वेळा बोललो की माझाच त्यावर विश्वास बसला होता.

त्यामुळे इतिहास मला कळला तो मागच्या सीटवरून, परतीच्या वाटेवर, पार्टीच्या बोलण्यातून. एकाच किल्ल्याच्या चार गोष्टी चार पार्ट्यांकडून ऐकल्या आहेत. ‘छान होतं, पण चालून चालून पाय गेले’ एवढंच बहुतेकांचं मत. पुढे जेवायला कुठे थांबायचं यावर चर्चा जास्त होते.

गेल्या वर्षी लेकीने एफवायला इतिहास घेतला. कॉलेजने प्रोजेक्ट दिला: तीन संग्रहालयं बघा आणि अहवाल लिहा. ती मला म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही सगळी बघितलीत ना? जरा वेगळी सांगा, सगळी मुलं केळकर म्युझियमच करणार आहेत.’ मी तोंड उघडलं आणि सांगायला लागलो, की औंधला गाडी थेट वरपर्यंत जाते पण वळवायला जागा कमी आहे. सिन्नरला पार्किंग ऐसपैस आहे… ती वही पुढ्यात घेऊन बसली होती. थोडा वेळ तिने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, ‘आणि आत?’

पितृपंधरवड्यात आमचा धंदा थंड असतो. लग्नं नाहीत, नव्या कामाचे मुहूर्त नाहीत, सहलीही कुणी काढत नाही. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, पण निदान बुकिंग मोडल्याचं दुःख नसतं. म्हणून त्या पंधरवड्यातले चार दिवस धरले. बायकोची एकच अट होती, औंधची यमाई. तिच्या माहेरचं ते कुलदैवत. आईची अट पंढरपूर आणि तेरचे गोरोबाकाका. ती मूळची कळंब तालुक्यातली. पंढरीच्या वाऱ्या अनेक झाल्या, पण तेरला जायचं लग्नानंतर राहूनच गेलं होतं. लेकीला संग्रहालयं हवी होती. मी नकाशा काढायच्या भानगडीत पडलो नाही. गोल फेरा डोक्यातच जुळला: सातारा, औंध, पंढरपूर, तेर, पैठण, वेरूळ, सिन्नर, घर. सोमवार-मंगळवार टाळायचा म्हणून बुधवारी पहाटे निघालो. अजिंठा मीच वगळला. एवढ्या फेऱ्यात ते बसत नव्हतं, हे एक कारण. दुसरं मलाही नीट सांगता येणार नाही.

निघताना आई पुढे बसली. ती खाली वाकून बोनेटच्या पलीकडे बघत होती. मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, ‘रस्ता.’ तिचं काही वेगळंच चाललं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रहिमतपूरवरून औंधला गेलो. यमाईचा डोंगर मी किमान पंधरा वेळा चढलोय, गाडीने. कुलदैवताला आलेली पार्टी वर जाते, ओटी भरते, खाली येते. वाटेत डोंगराच्या अंगावरच श्रीभवानी संग्रहालय आहे. तिथे ‘थांबू का?’ असं मी विचारायचो आणि ‘नको, उशीर होतोय’ हे उत्तर यायचं. मलाही ते सोयीचं होतं.

औंध हे एवढंसं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्कारांचे एवढे भोक्ते की अख्ख्या संस्थानाला त्यांनी ते घालायला लावले. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. लगेच पुढच्या वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती दिली. राजवाडा मागे ठेवून जाणारे राजे पुष्कळ झाले. ह्यांनी मागे ठेवली ती चित्रं, आणि तीही उन्हापावसात डोंगर चढून येणाऱ्या यमाईच्या भक्तांना वाटेत दिसावीत अशा जागी. हे माझं मत. राजाच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण गाडीवाल्याला जागेची निवड कळते. रस्त्यावरचं दुकान आणि गल्लीतलं दुकान यात फरक असतो.

आत शिरताना मला गंमत वाटली ती माझ्या हातांची. किल्ली हातात फिरवत उभं राहायची सवय, इथे फिरवली तर आवाज घुमला. रखवालदाराने बघितलं. मी किल्ली खिशात टाकली. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, ‘ड्रायव्हर बाहेर थांबा’ म्हणतोय की काय. तो काहीच म्हणाला नाही. तिकीट माझ्या हातात होतं.

रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. बायको एका चित्रापुढून हलेना. तिच्या आजीकडे रविवर्म्याचीच छापील तसबीर होती, देवघरातली. आम्हा सगळ्यांकडे असते तशी, कडा पिवळ्या पडलेली. त्या तसबिरी जिथे छापल्या तो रविवर्म्याचा छापखाना पुढे मळवलीजवळ होता. मळवलीवरून मी आठवड्यातून दोनदा जातो. बायको म्हणाली, ‘जर बघा. ओली वाटते.’ काठाची जर खरंच ओली वाटत होती. छापात ती पिवळी पट्टी असते फक्त.

हेन्री मूर नावाच्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं एक आई-मुलाचं दगडी शिल्प त्याच संग्रहालयात आहे. लेकीने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि वही भरली. आईने एकदाच बघितलं. ‘तोंडं करायची राहिली का?’ म्हणाली. मग थोडं पुढे जाऊन परत मागे आली, आणि म्हणाली, ‘पोर मात्र नीट धरलंय.’

औंधहून आटपाडीवरून पंढरपूरला उतरलो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानेच सुरू केलेली कैद्यांची खुली वसाहत. कैदी भिंतीविना राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कल्पना तिथलीच. गाडी थांबवली नाही, अंधार पडत होता. पंढरपुरात गर्दी कमी होती. विठोबा तासाभरात भेटला. आईच्या मते हा चमत्कार, माझ्या मते पितृपंधरवडा.

गुरुवारी सकाळी तेर.

तेरबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण ह्या गावी मी कधीच पार्टी घेऊन गेलो नव्हतो. कुणी मागितलंच नाही. बार्शीवरून शंभरदा गेलोय, पण तेरणेच्या काठच्या ह्या गावाला फाटा फोडून यावं असं कुणाला वाटलं नाही.

आधी गोरोबाकाका. समाधीपुढे आई बराच वेळ बसली. चिखल तुडवता तुडवता नामात एवढे दंग झाले की पायाखाली आलेलं लेकरू कळलं नाही, ही गोष्ट तिने लेकीला सांगितली. लेक म्हणाली, ‘आजी, भयंकर आहे हे.’ आई म्हणाली, ‘हायच की.’ त्यापुढे तिने समजूत घातली नाही, मला ते आवडलं.

मग संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे नावाचे इथलेच गृहस्थ. गावात, शेतात, टेकाडांवर सापडणाऱ्या जुन्या वस्तू ते जमवत गेले. आज तो संग्रह शासनाकडे आहे आणि संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. पुण्या-मुंबईत दिसतं तसं चकचकीत काही नाही. पण कपाटं भरलेली: सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या बाहुल्या, साचे, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, भांडी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाया आणि त्यांच्या डोक्यावरचे ते भलेमोठे केशसंभार! बायको आणि लेक कोणती वेणी कशी घातली असेल यावर वाद घालत होत्या. एक हस्तिदंती बाई आहे, वीतभरही नाही. तिच्यासारखीच एक बाई इटलीत पाँपे शहराच्या ढिगाऱ्यातून निघाली, १९३८ साली. म्हणजे औंधचं संग्रहालय उघडलं तेच साल. पाँपे गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे त्याच्या आधी आपल्याकडची हस्तिदंती बाई तिथवर गेलेली होती. लेक म्हणाली, ‘गेली कशी?’

त्याचं उत्तर तिनेच जेवताना मोबाइलवर वाचून दाखवलं, आणि माझा घास हातात राहिला. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ म्हणून एक जुनं पुस्तक आहे. ग्रीक भाषेत, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं; लिहिणाऱ्याचं नाव उरलेलं नाही. कोणत्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, याची ती व्यापाऱ्याची वही आहे. त्यात तेर आहे, ‘तगर’ या नावाने. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांवर. पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवसांवर. तगरचं कापड, साधं आणि मलमल, गाड्यांत भरून भडोचला जातं. आणि वाटेत मोठमोठे मुलूख असे, जिथे रस्ताच नाही.

म्हणजे कुणीतरी ती गाडी हाकली होती!

राजाचं नाव उरतं, संताचं उरतं, लामतुऱ्यांचं पाटीवर आहे. पुस्तक लिहिणाऱ्याचंही गेलं, तर गाडीवानाचं कुठून राहणार. पण दहा दिवस म्हटल्यावर मला तो माणूस समोर दिसायला लागला. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. बैल सोडायचे, पाणी बघायचं, आसाला वंगण द्यायचं, आणि रात्री मालाखाली झोपायचं, कारण मालाची जबाबदारी असते. भडोचपर्यंत तीस रात्री. मी लेकीला म्हटलं, तीस रात्रींचा भत्ता लाव. ती म्हणाली, ‘आणि परतीचं भाडं, पप्पा?’ बरोबर आहे. गाडी रिकामी परत आली तर परवडत नाही, त्या काळीही परवडत नसणार. भडोचहून काहीतरी भरून आणत असतील. संग्रहालयात रोमन वळणाच्या वस्तू दिसतात त्या अशाच आल्या असतील का?

आई आमचं ऐकत नव्हती. तिला मडक्यांचं नवल वाटत होतं. ‘गोरोबाकाकांच्या आधीपासून हितं चाक फिरतंय,’ एवढंच ती म्हणाली.

तेरहून येडशीकडे निघालो, मोठ्या रस्त्याला लागायचं म्हणून. सप्टेंबरातलं सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. दहा-बारा किलोमीटर गेलो असू. आई म्हणाली, ‘जरा हळू घे.’ मला वाटलं, मळमळतंय. तिने काच खाली केली. ‘ह्या अंगाला बाभळी व्हत्या. हितं आमचा ढीग असायचा.’

बहात्तरच्या दुष्काळात तिचं वय चौदा. सगळं गाव दुष्काळी कामावर. बायाबापड्या, पोरं, बापे, सगळे खडी फोडायला. पायाच्या अंगठ्यात दगड धरायचा आणि हातोडी मारायची. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. ढीग ब्रासने मोजायचा, मुकादम दोरी धरायचा आणि त्याची दोरी नेहमी आखूड असायची. खायला मिलो आणि सुकडी. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं. सुकडीची चव तर न खाता मला माहीत आहे. पण ते कुठे, हे मी कधी विचारलं नव्हतं. दुष्काळ म्हणजे दुष्काळ, त्याला गाव कशाला विचारायचं, असं काहीतरी मनात असणार.

‘ह्याच रस्त्याची?’ मी विचारलं.

‘आता वरनं डांबर किती थर पडलं असतील. खाली आमचीच हाय.’

निघाल्यापासून ती बोनेटपलीकडे काय बघत होती, ते तेव्हा कळलं. गाडी बाजूला घेतली. तिथे बघायला काहीच नव्हतं. मैलाचा दगड, विजेचा खांब, सोयाबीन. मागून आलेला ट्रॅक्टरवाला हॉर्न देऊन गेला. लेकीने फोटो काढला. आईने पदर नीट केला, पण खाली उतरली नाही.

तेर ते पैठण आम्हाला मधल्या चहासकट पाच तास लागले.

पैठणला दिवस मावळताना नाथांचं दर्शन झालं. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी दारातल्या भुकेल्यांना वाढला आणि ब्राह्मण रागावले, ही गोष्ट आईने सांगितली आणि जोडून म्हणाली, ‘तवा पंधरवड्यात फिरलो तर काय बिघडत न्हाई.’ दोन दिवस तिला हा प्रश्न आतून खात होता. तो तिने नाथांवर सोपवला. रात्री संभाजीनगरला मुक्काम.

शुक्रवारी वेरूळ. पार्किंगमध्ये खडे विकणारा मुलगा ओळखीचा. दगड फोडून आतले स्फटिक दाखवत तो पार्ट्यांच्या मागे लागतो. माझ्याशी फक्त गप्पा मारतो. ‘शेठ, पार्टी कुठंय?’ त्याने विचारलं. म्हटलं, आज पार्टी मीच. त्याने लगेच पिशवी उघडली. धंदा म्हणजे धंदा.

कैलास लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. एकाच खडकात, वरून खाली कोरत आणलेलं. हे वाक्य मी मागच्या सीटवरून हजारदा ऐकलंय. पण त्याचा अर्थ मला आत गेल्यावर कळला, आणि तो भक्ताला किंवा कलाकाराला कळेल तसा नाही कळला. टुरिस्ट गाडीच्या आधी सहा वर्षं मी वाघोलीला दगडाच्या खाणीत डंपर चालवलाय. आई-वडील बहात्तरनंतर पुण्याला आले ते खाणीच्याच कामाला. तेव्हा माझी नजर आधी देवळाकडे गेली नाही. ती बाजूच्या उभ्या कड्यांकडे गेली, जिथे टाकीचे घाव ओळीने दिसतात. आणि मनात आलं: माल टाकला कुठे?

मापं लेकीने वाचली. लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट, मागच्या बाजूला खोली १०७ फूट. मी डोक्यात ब्रास काढले. पूर्ण खोली धरली तर पंचेचाळीस हजार ब्रासच्या वर. पुढे उतार आहे, म्हणून निम्मं धरू. त्यातून उभं ठेवलेलं देऊळ वजा. पंधरा हजार ब्रास तरी उरतात. अखंड दगड फुटला की फुगतो, दीडपट होतो. आमच्या जुन्या डंपरमध्ये तीन ब्रास बसायचा. म्हणजे साडेसात हजार खेपा. दिवसाला दहा खेपा धरल्या तर एका डंपरला दोन वर्षं, दसरा-दिवाळी न धरता. आणि इथे डंपर नाही, सुरुंग नाही. टोपल्या. माझा हिशोब कच्चा आहे, लेक म्हणाली अहवालात घालू नका. पण साडेसात हजार खेपांचा माल कुठल्या उतारावर सरकवला, याचा विचार मी वेरूळहून निघेपर्यंत करत होतो. शेजारी रावण कैलास हलवत होता, त्याच्याकडे मी उशिरा बघितलं.

आई दगडी हत्तीपाशी बसून होती, गुडघे धरून. तिने सगळीकडून बघून घेतलं आणि म्हणाली, ‘ही खाण उलटी हाय. आपण दगूड न्ह्यायला खड्डा करतो. ह्यांनी दगूड ठिवायला खड्डा केला.’ गाइड लोक तासाचे पैसे घेऊन याहून लांबचं सांगतात.

शिर्डीला मुक्काम करून शनिवारी सिन्नरला. मधला काही भाग समृद्धीवरून गेलो. सरळ रस्ता हा ड्रायव्हरचा वैरी. घाटात झोप येत नाही, तिथे येते. बायको मुद्दाम बोलत बसली.

सिन्नरच्या एमआयडीसीत ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. २००१ पासूनचं. कारखान्यांच्या मध्ये हे काय, असं वाटतं, आणि आत गेल्यावर अंधारात उजळलेली कपाटं. मी पार्टीला शिर्डीच्या वाटेवर इथे सोडायचो आणि समोरच्या हॉटेलात मिसळ खायचो. आपला सह्याद्री, आपलं पठार, हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, ती पोकळी तशीच राहिली, आणि पाणी झिरपून झिरपून तिच्या आत स्फटिक वाढले. हिरवट अ‍ॅपोफिलाइट, गुलाबीसर स्टिलबाइट, सुयांसारखा पांढरा स्कोलेसाइट. खाणीवर, विहिरीवर, रस्त्याच्या कटिंगला ते निघतात.

एका कपाटात पांढऱ्या स्फटिकांवर गर्द निळे गोळे बसलेले. मोरपिसातला निळा. नाव कॅव्हन्साइट, कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची अक्षरं जोडून केलेलं. खाली लिहिलेलं: वाघोली, पुणे.

माझ्याच खाणीतला तो तुकडा असेल असं मी म्हणणार नाही. वाघोलीला खाणी पुष्कळ होत्या. पण निळे खडे आम्ही पाहिले होते. सुरुंग उडवल्यावर कधीतरी निघायचे. पुण्याहून स्कूटरवर एक माणूस यायचा, वडार मंडळींकडून ते पिशवीत भरून घ्यायचा, शंभर-दोनशे द्यायचा. आम्ही त्याला हसायचो. बाकीचा दगड क्रशरला आणि तिथून रस्त्याला. किती निळा मी डंपरमध्ये घालून क्रशरच्या तोंडात ओतला असेल! काचेवर नाक टेकलं तेव्हा रखवालदाराने टकटक केली.

आई मागून आली. तिने निळ्याकडे बघितलंच नाही. ती खालच्या बारक्या पांढऱ्या खड्यांकडे बघत होती. ‘असलं आम्हाला खडीतबी निघायचं,’ ती म्हणाली. ‘मी पाचखड्यांला ठिवलं व्हतं. मुकादम म्हनला, मापात धरत न्हाई, फेकून दे.’

‘फेकलेस?’ लेकीने विचारलं.

‘मापात धरत न्हाई म्हनल्यावर?’

नारायणगाव, चाकण, आणि शिक्रापूरवरून वाघोलीत शिरेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. नगर रोडला नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. लेकीला खाण बघायची होती. तिथे आता सोसायट्या आहेत, आणि एका कोपऱ्यात खाणीचं पाणी साठलेलं, भोवती पत्र्याचं कुंपण. रात्री त्यातलं काही दिसलं नाही. बारा मजल्यांचे दिवे दिसले.

घरी आल्यावर सवयीने मी स्लिप काढली. सुरुवात १,३८,४१२. अखेर १,३९,४९७. एक हजार पंच्याऐंशी किलोमीटर, पण चार दिवसांचं मिनिमम बाराशे. लेक म्हणाली, मी लिहिते. पार्टीचं नाव आणि ड्रायव्हरचं नाव या दोन्ही रकान्यांत तिने एकच नाव घातलं आणि दर लावून बेरीज मोठ्याने वाचली. टोल, पार्किंग, भत्ता तीन रात्रींचा.

आई पाय चोळत बसली होती. म्हणाली, ‘रातीचा भत्ता कशाचा? आमच्याच खोलीत तर घोरत व्हता.’